माहितेय साहेबांचं प्रशिक्षण

माणसाला पदवी कॉलेज देतं, पगार कंपनी देते, पण खरं नाव देतात ती हाताखालची माणसं. साहेबांना त्यांच्या माणसांनी 'माहितेय साहेब' असं नाव दिलं होतं. ते इतकं रूढ झालं होतं, की सिमेंटची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हरही फाटकावर विचारायचा, "माहितेय साहेब आत आहेत का?" इमारती बांधणाऱ्या एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत ते प्रकल्प व्यवस्थापक होते. म्हणजे इमारतीला तडा गेला तर ज्याला धरायचं आणि नाही गेला तर उद्घाटनाला ज्याला मागच्या रांगेत बसवायचं, तो माणूस.

नावामागचं कारण साधं होतं. कोणी काही सांगू लागलं, की वाक्य निम्म्यावर यायच्या आत साहेब म्हणत, "माहितेय."

"साहेब, तिसऱ्या मजल्यावर पाणी..."

"माहितेय."

मग ते एकटेच जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जात आणि पाणी आलेलं नाही की नको तिथे आलेलं आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघत. यात लबाडी नव्हती. बांधकामावरचा अलिखित रिवाजच असा, की साहेबाने एकदा 'मला माहीत नाही' म्हटलं, की दुसऱ्या दिवसापासून फरशीवाल्यापासून वॉचमनपर्यंत जो तो त्याला शहाणपण शिकवायला लागतो. साहेबांनी उमेदवारीच्या काळात आपल्या एका वरिष्ठांची ही गत झालेली पाहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं आणि मूठ इतकी घट्ट झाकली, की आत काय आहे हे पुढेपुढे त्यांनाही नीटसं आठवेना.

तर अशा माणसाकडे मुख्य कचेरीतून एक प्रश्नावली आली.

प्रशिक्षण विभागात एक नवीन बाई रुजू झाल्या होत्या. बाई हुशार होत्या आणि मनापासून काम करायच्या. कचेरीत हे दोन्ही गुण एका माणसात असले की इतरांना त्रास होतोच. कंपनीच्या प्रकल्प व्यवस्थापकांना नेमकं काय शिकायची गरज आहे आणि त्यांना कशा पद्धतीने शिकायला आवडतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. वर्गात बसून, वाचून, बघून, प्रत्यक्ष करून, की अनुभवी माणसाकडून? शेवटी 'इतर' म्हणून एक मोकळी ओळ होती.

साहेबांना ती प्रश्नावली फार लागली. इतकी वर्षं ऊन-धूळ खाल्ली, डोक्यावरचे केस हेल्मेटच्या आत कुठेतरी गेले आणि आता विचारतात, तुम्हाला काय येत नाही? त्यांनी पेन उचललं. 'आपल्याला कोणत्या विषयांच्या प्रशिक्षणाची गरज वाटते?' यापुढे त्यांनी लिहिलं, 'एकाही नाही.' आणि 'आपल्याला कशा पद्धतीने शिकायला आवडते?' यापुढे लिहिलं, 'मला शिकवायला आवडते.' खाली लफ्फेदार सही ठोकली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवडाभराने बाईंचा फोन आला.

"सर, अभिनंदन! सगळ्या व्यवस्थापकांत प्रशिक्षणाची गरज नसलेले तुम्ही एकटेच निघालात. बाकी सगळ्यांनी एकच विषय लिहिलाय, संगणकावर कामाचं नियोजन. आणि तुम्ही तर लिहिलंयत की तुम्हाला शिकवायला आवडतं! मग त्याचा वर्ग तुम्हीच घ्यायचा. सगळ्या साइटचे व्यवस्थापक येतील. तो संगणकावरचा नवा कार्यक्रम तुम्हाला येतोच ना, सर?"

"माहितेय," साहेब म्हणाले आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत मटकन बसले.

कारण तो कार्यक्रम साहेबांना येत नव्हता. कामाच्या नावापुढे रंगीत पट्ट्या येतात, एक काम संपलं की दुसऱ्याची पट्टी सुरू होते, इतपत त्यांनी लांबून पाहिलं होतं. त्या पट्ट्या त्यांच्या हाताखालची एक इंजिनिअर तयार करायची. दर आठवड्याला ती कागद पुढे धरून म्हणायची, "सर, यात जरा समजावून सांगायचं होतं..." आणि साहेब "माहितेय" म्हणून सही करायचे. आता तिलाच विचारायचं, तर ज्या सह्या केल्या त्यांचं काय? आणि न विचारता सगळ्या कंपनीच्या व्यवस्थापकांसमोर उभं राहायचं, तर जन्मभराची झाकली मूठ चारचौघांत उघडणार. पुढच्या रांगेत तो बोगदेवाला बसलेला असणार, हेही त्यांना दिसू लागलं. बोगदेवाला म्हणजे कंपनीची बोगद्यांची कामं बघणारा त्यांचा जुना सहकारी. दोघं एकत्रच कामाला लागले होते आणि तेव्हापासून एकमेकांची चूक कधी सापडते याची दोघंही मैत्रीपूर्ण वाट बघत होते.

साहेबांनी गुपचूप शिकायचं ठरवलं. घरापासून बऱ्याच लांब असलेल्या एका क्लासमध्ये त्यांनी नाव घातलं. शिकवणारी बाई प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून विचारायची, "काका, समजलं?" साहेबांच्या तोंडून सवयीने निघून जायचं, "माहितेय." ती पुढे जायची. अशाने पहिला भाग संपला, दुसरा संपला आणि एके दिवशी तिने सगळ्या वर्गाला सांगितलं, "या काकांकडे बघा, यांना सगळं आधीच येतं." त्यानंतर तिथे तोंड दाखवणं अशक्य झालं. मग त्यांनी जाड पुस्तक आणलं. ते वाचायला घेतलं की चष्म्यासकट झोप लागायची. लेकीने मोबाईलवर एक शिकवणीचा व्हिडिओ लावून दिला. त्यातला माणूस उदाहरणादाखल एक भिंत बांधत होता. साहेबांनी व्हिडिओ थांबवून लेकीला ऐकवलं, की अशी भिंत बांधणाऱ्याला मी साइटच्या फाटकातून आत घेणार नाही. पट्ट्यांपर्यंत ते पोचलेच नाहीत.

शेवटी साहेबांनी सहज विचारल्यासारखं करून प्रशिक्षणाच्या बाईंनाच फोन केला. बाकीच्यांना कसं शिकायला आवडतं म्हणे?

"प्रत्यक्ष करून, सर. जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलंय. एखादं छोटं, खरं काम घ्यायचं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचं नियोजन करायचं."

"माहितेय," साहेब म्हणाले. पण या वेळी खरोखर काहीतरी सापडल्याच्या आनंदात.

छोटं, खरं काम घरातच होतं. स्वयंपाकघरातला ओटा.

दिव्याखाली अंधार असतोच, तसा तो ओटा होता. दुसऱ्यांसाठी मजल्यामागून मजले चढवणाऱ्या माणसाच्या घरात ओट्याचा दगड मधोमध चिरलेला, मोरीकडची कड उडालेली, खालचा नळ सदैव ओला. या घरात राहायला आल्यापासून बायको ओट्याबद्दल काहीतरी सांगत आली होती. काय सांगत होती ते साहेबांना माहीत होतं, म्हणजे त्यांनी ते पूर्ण ऐकलं नव्हतं. संध्याकाळी ती कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर यायची, तेव्हा साहेबांचा जीव तुटायचा. त्यांनी दुकानात उभं राहून, दोन-तीन वास घेऊन, चांगलं मलम निवडून आणलं होतं. ते संपलं की नवं आणायचे. ती नळी स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम असायची. साहेब प्रेमळ होते, यात शंका नको.

त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "अगं, ओटा नवा करायचा."

बायकोच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "खरंच? अहो, मग मी काय म्हणते, करताच आहात तर तो..."

"माहितेय."

"नाही, पण ऐका तरी. मला तो..."

"अगं, माहितेय मला. चीर गेलीय, कड गेलीय, नळ गळतोय. सगळं लिहून घेतलंय."

लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई कुठे थांबायचं ते जाणते. "बरं," असं म्हणून ती आत गेली.

साहेबांनी संगणक उघडला. ओटा फोडणे, राडारोडा उचलणे, नळ बदलणे, नवा ओटा बांधणे, दगड बसवणे. प्रत्येकापुढे पट्टी आली! निळी, हिरवी, नारिंगी. पडद्यावर ओटा तयार झाल्यावर त्यांना अतोनात समाधान वाटलं. आता उरला होता फक्त खरा ओटा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कारण इथपर्यंत दुसऱ्या कोणाचा संबंध आला नव्हता.

इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी साहेबांच्या बरोबर खालच्या घरात राहायचा. नियमांवर त्याचा फार जीव. घरात काही फोडायचं तर कमिटीची परवानगी लागते आणि परवानगीला इंजिनिअरचा दाखला लागतो, की या फोडण्याने इमारतीला धोका नाही.

"अहो, मीच इंजिनिअर आहे," साहेब म्हणाले.

"असाल ना. पण स्वतःच्या घराला स्वतःच दाखला कसा चालेल?"

"ओट्यावर इमारत उभी नसते, सेक्रेटरीसाहेब. ओटा इमारतीवर उभा असतो."

"हेच त्या दाखल्यात लिहून आणा."

अनेक इमारतींच्या पायापासून गच्चीपर्यंत सह्या करणाऱ्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरासाठी दुसऱ्याच्या सहीकरता वणवण करावी, हे साहेबांच्या मनाला फार लागलं. ज्यांना विचारावं ते एकतर सुट्टीवर, नाहीतर हसणारे. शेवटी एकच इंजिनिअर असा निघाला, जो सही करायला त्याच दिवशी तयार होता. बोगदेवाला.

तो आला, अगत्याने चहा प्यायला, चिरलेल्या ओट्यावर बोटांनी टकटक केली. ओट्यापाशी वाकून भाजी चिरणाऱ्या बायकोकडे त्याने पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, मग पुन्हा ओट्याकडे. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं.

"माहितेय," साहेब म्हणाले.

बोगदेवाल्याने सही केली, मिठाची गुळणी धरली आणि निघून गेला.

ओटा फुटायच्या आदल्या दिवशी समोरच्या काकू सल्ला द्यायला आल्या. काकूंच्या घरी एकदा ओट्याचं काम झालं होतं आणि तेव्हापासून त्या या विषयातल्या तज्ज्ञ होत्या. "दगड काळा घेऊ नका, पीठ दिसतं. पांढरा घेऊ नका, बाकी सगळं दिसतं. आणि शेगडी कुठे ठेवणार तोवर? आम्ही जमिनीवर ठेवली होती. यांच्या पायाला भाजलं, अजून डाग आहे. बोलावू का यांना?"

शेगडी कुठे ठेवायची, ही पट्टी साहेब विसरले होते. त्यांनी ती रातोरात घातली. बाहेरच्या खोलीत पुस्तकांचं एक दणकट, कमरेपेक्षा जरा उंच कपाट होतं. त्यात साहेबांची स्थापत्यशास्त्राची जाडजूड पुस्तकं होती. त्यावर एक पत्रा टाकून शेगडी मांडली. त्या पुस्तकांचा घराला झालेला हा पहिलाच उपयोग, असं बायको म्हणाली.

आणि हातोडा पडला.

गवंडी अनुभवी होता, पण त्या ओट्यात पूर्वी कोणीतरी नळ पुरून ठेवला आहे, हे त्याला कुठून कळणार? पाण्याचं कारंजं उडालं. साहेबांनी त्यावर हात धरला, गवंड्याने पातेलं धरलं आणि समोरच्या काकूंनी दारातून "आमच्याकडे अगदी असंच झालं होतं!" असा दिलासा धरला. मुख्य चावी बंद करायला साहेब गच्चीकडे धावले आणि त्यांनी गडबडीत सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलं. तेवढ्यात खालून आरोळी आली. हादऱ्याने सेक्रेटरीच्या स्वयंपाकघरातल्या छताचा गिलावा सुटून त्याच्या उकळत्या चहात पडला होता. सेक्रेटरी हातात ते पातेलंच घेऊन वर आला.

"दाखल्यात काय लिहिलं होतं?" एवढंच त्याने विचारलं.

दुसऱ्याच्या घरात, ओल्या पायांनी, डोक्यावर चुना घेऊन स्टुलावर चढून गिलावा करताना साहेबांना फार एकटं वाटलं. गवंडी शिडीच्या कामाला नाही म्हणाला होता. खाली उभा राहून सेक्रेटरी त्यांना कुठे राहिलं ते दाखवत होता.

संगणकावरच्या पट्ट्या तोवर लाल झाल्या होत्या. त्या लाल का होतात, हे मात्र साहेबांना आता उत्तम कळू लागलं. दगड यायच्या आधी दगड बसवायची पट्टी सुरू होत नाही. सेक्रेटरी शांत झाल्याशिवाय एकही पट्टी पुढे सरकत नाही. 'सेक्रेटरी' अशी एक वेगळी पट्टीच त्यांनी टाकली आणि ती सगळ्यांच्या आधी ओढली. एका संध्याकाळी तर कार्यक्रम त्यांच्या बोटांसरशी चालायला लागला. साहेब शिकले होते! कोणाला कळू न देता शिकले होते.

घरात मात्र एक गोष्ट त्यांना टोचत होती. स्वयंपाकघर धुळीत, सामान बाहेरच्या खोलीत, पीठ पलंगाखाली. अशात कोणतीही बाई चिडली असती. बायको चिडत नव्हती. कपाटावरच्या शेगडीपाशी ती ताठ उभी राहायची आणि चक्क गुणगुणायची. साहेब दगडवाल्यावर फोनवर ओरडत असले, की म्हणायची, "असू दे हो, कशाला घाई? चाललंय ना."

घाई नको! साहेबांना याचा एकच अर्थ लागला. हिचा आपल्यावरचा विश्वास उडाला. हा ओटा आपल्या हातून होत नाही, असं धरूनच ही चालली आहे. त्यांनी ईर्षेने गवंड्याच्या मागे लागून काम उरकायला घेतलं.

"साहेब, उंची किती घेऊ?" गवंड्याने विचारलं.

"नेहमीची. आम्ही सगळ्या इमारतींत घेतो ती."

नवा ओटा झाला. करड्या रंगाचा दगड, गोल केलेली कड, नळ कोरडा. साहेब त्याच्यापुढे उभे राहिले. ओटा त्यांच्या कमरेला कसा अगदी बरोबर आला होता. ते तिथे उभे राहून काही करत नसत, ही गोष्ट वेगळी.

"कसा झालाय?"

बायकोने दगडावरून हात फिरवला. "छान झालाय," ती म्हणाली. शेगडी आत गेली, पत्रा माळ्यावर गेला. गुणगुणणं थांबलं, ते साहेबांच्या लक्षात आलं नाही. खिडकीतली मलमाची नळी, जिच्यावर एवढ्या दिवसांत धूळ बसली होती, ती दुसऱ्या दिवशी पुसलेली होती. हेही आलं नाही.

आणि वर्गाचा दिवस उजाडला.

सभागृहात कंपनीचे सगळे व्यवस्थापक बसले होते. उन्हाने रापलेले, हाताची घडी घातलेले, चेहऱ्यावर 'आम्हाला काय शिकवणार' असा भाव. प्रत्येकजण प्रश्नावलीत शिकायचं आहे असं लिहून आला होता आणि प्रत्येकजण ते आता नाकबूल करत होता. पुढच्या रांगेत बोगदेवाला. बाजूला वही घेऊन प्रशिक्षणाच्या बाई. साहेबांनी कंपनीच्या एका मोठ्या इमारतीचा आराखडा दाखवायचं ठरवलं होतं. त्यांनी संगणकाची कळ दाबली आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'ओटा फोडणे.'

चुकीचा आराखडा उघडला होता. साहेब तो बंद करायला गेले, तर पट्ट्यांची उलटापालट झाली आणि 'दगड बसवणे' हे 'ओटा फोडणे'च्या आधी जाऊन बसलं. मागे कोणीतरी फसकन हसलं. घडी घातलेले हात सुटले.

"साहेब, ही 'सेक्रेटरी' कसली पट्टी?" एकाने विचारलं.

कानांपर्यंत आग पोचलेल्या साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. खाली बसायचं, किंवा सांगायचं. ते सांगू लागले. कारंजं सांगितलं, चहातला गिलावा सांगितला, स्टूल सांगितलं. आणि गंमत अशी, की जे लोक वर्गात झोपायच्या तयारीने आले होते ते खुर्चीच्या कडेवर आले.

"फोडायच्या आधी खालच्यांना सांगायला नको?"

"नळ कुठून गेलाय ते आधी बघायचं ना!"

"मग दगडाची पट्टी नळाच्या पट्टीला बांधायला हवी होती. कशी बांधतात ती?"

साहेबांनी बांधून दाखवली. कोणीतरी पुढे येऊन स्वतः बांधून बघितली. पुलाच्या कामावरचे एक गृहस्थ म्हणाले, की त्यांचा मागच्या वर्षीचा पूल याच चुकीने अडला होता, आणि म्हणून झाल्यावर आपण हे बोललो याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. बाई भराभर लिहीत होत्या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरंच. पण मागच्याला शहाणं व्हायचं तर पुढच्याने ठेच लागल्याचं कबूल करायला हवं. साहेब आता रंगात आले होते. आपली फजिती आपणच विकायला काढली, की तिचा चांगला भाव येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

तेवढ्यात बोगदेवाल्याने हात वर केला.

"एक विचारू? ओट्याची उंची किती घेतली?"

"नेहमीची."

"म्हणजे कोणाची?"

"म्हणजे सगळीकडे घेतो ती."

"तसं नाही विचारत मी," बोगदेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात खोच नव्हती. असती तर साहेबांना सोपं गेलं असतं. "वहिनी तुझ्यापेक्षा उंच आहेत ना रे? त्या दिवशी दाखल्याला आलो तेव्हा केवढ्या वाकून चिरत होत्या. मला वाटलं, म्हणूनच नवा करतोयस. विचारलंस ना त्यांना, केवढा हवा ते?"

"माहि..." साहेबांच्या तोंडून आलं आणि अर्धवट राहिलं.

बायको त्यांच्यापेक्षा उंच होती, हे त्यांना माहीत होतं. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने त्यांना पायरीवर उभं केलं होतं. आणि आता त्या भल्यामोठ्या पडद्यापुढे त्यांना एकदम सगळं दिसलं. कमरेवर ठेवलेला हात. खिडकीतली नळी. 'करताच आहात तर तो...' 'मला तो...' आणि पुस्तकांच्या उंच कपाटापाशी ताठ उभी राहून गुणगुणणारी बायको. 'कशाला घाई?'

ती अविश्वासाने म्हणत नव्हती. ती सुखात होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिची कंबर दुखत नव्हती आणि आपण ईर्षेने ते सुख संपवून टाकलं. वर 'कसा झालाय' म्हणून विचारलं आणि ती बिचारी 'छान' म्हणाली. साहेबांना आपली विलक्षण लाज वाटली.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "ती सांगत होती. मी ऐकलं नाही. मला माहीत नव्हतं."

हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते. साहेब वाट बघत राहिले, की आता सगळे हसतील आणि शिकवायला लागतील. कोणीच हसलं नाही. इतके सगळे ओटे बांधलेली ती माणसं खाली मान घालून बसली होती आणि प्रत्येकजण आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन आला होता. पुलाचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडे उलट आहे. आमच्या हिला पाटावर उभं राहावं लागतं." वर्ग संपल्यावर बोगदेवाला दारात थांबला आणि त्याने साहेबांचा खांदा दाबला.

साहेब संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा बायको ओट्यापाशी पीठ मळत होती. मान खाली, पाठीला बाक. इतकी वर्षं रोज दिसणारी पाठ त्यांनी दारात उभं राहून बघितली. खिशातून त्यांनी मोजायची टेप काढली.

"अगं, जरा सरळ उभी राहा."

"आता काय राहिलं?"

"ओटा केवढा उंच हवा होता तुला?"

बायकोचे हात पिठात थांबले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढचा शब्द कोणता येणार, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तो आला नाही. साहेब टेप धरून नुसते उभे होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू सांग."

पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. साहेब मागोमाग गेले. पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन तिने दोन्ही तळवे त्याच्या माथ्यावर टेकवले. पाठ आपोआप सरळ झाली. लाकडावर पिठाचे दोन पंजे उमटले.

"एवढा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "या घरात आल्यापासून सांगतेय."

साहेबांनी आपल्या बाहीने तिचे डोळे पुसले. मग गुडघ्यावर बसून जमिनीपासून त्या पंजांपर्यंत माप घेतलं, एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, आणि बरोबर आहे ना म्हणून तिला दाखवलं.

"म्हणजे पुन्हा फोडायचा?" तिने विचारलं. "आणि खाली ते? सेक्रेटरी?"

साहेब उठले. शर्टाच्या बाहीला पीठ लागलं होतं, ते तसंच ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून सेक्रेटरीच्या दाराची घंटा वाजवली. सेक्रेटरीने दार उघडलं. आधी साहेबांकडे आणि मग नकळत स्वतःच्या छताकडे पाहिलं.

"ओटा पुन्हा फोडायचाय," साहेब म्हणाले. "माझा चुकला. तुमच्या छताला काही होऊ नये, तर कसं करायचं, ते तुम्ही सांगा."

सेक्रेटरीने दार पूर्ण उघडलं. मग दारातून बाजूला झाला.

"आत या," तो म्हणाला. "चहा टाकतो. आमचाही ओटा एकदा बघून घ्या."